भाऊंच्या वाट्याचा ब्राउझर

माझ्या सासरी शेताची वाटणी झाली, दुकानाची झाली, गच्चीवर पापड वाळवायच्या जागेचीसुद्धा झाली. अडलं ते कॉम्प्युटरपाशी. हे सांगितलं की आजची मुलं हसतात. हसू देत बापडी. ज्यांच्या घरात माणशी एक फोन आहे त्यांना वाटणी म्हणजे काय ते कळायचं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही जळगावला, मेहरूणकडे राहायचो. बी-बियाण्यांचं दुकान गावात, आणि केळीचं शेत भुसावळकडे, जिथून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात त्या शिवारात. सासरे, म्हणजे आबा, जाताना दोन्ही मुलांना जवळ बसवून सांगून गेले होते की भांडण झाल्यावर वाटणी करू नका, भांडण व्हायच्या आधी करा. मुलं आज्ञाधारक. वर्षश्राद्ध आटोपलं आणि वाटणीला बसली.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्याने उचलायचा. पाडणाऱ्याला ठाऊकच असतं की उरलेला आपल्याला घ्यायचाय, म्हणून तो काटा सरळ धरतो. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, त्यांनी इतके सारखे वाटे पाडले की माझा नवरा उचलताना वैतागला. दुकानाच्या मधोमध कपाट उभं राहिलं. इकडे बियाणं भाऊंचं, तिकडे खतं आणि फवारणीची औषधं आमची. घराचा खालचा मजला भाऊंचा, वरचा आमचा. चूल तेवढी एकच राहिली, कारण भाऊंना साधा चहासुद्धा करता यायचा नाही. जाऊबाई त्यांची मुलगी शाळेत असतानाच गेल्या होत्या. त्या पोरीच्या वेण्या मी घातल्या, दहावीला तिच्याबरोबर मी जागले, आणि ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा स्टँडवर सगळ्यात मोठ्याने रडलेही मीच.

तर कॉम्प्युटर. तो दुकानाच्या हिशेबासाठी घेतला होता, पण दुकानात धूळ फार म्हणून खालच्या बैठकीत फोनशेजारी ठेवला. घरात त्यातलं कळणारी मी एकटी. माझं माहेर धुळ्याचं. लग्नाआधी धुळ्याला मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची त्या काळातला. सासरी त्यावरून माझी भरपूर चेष्टा व्हायची. मिक्सर बंद पडला, टीव्हीला मुंग्या आल्या, की नवरा म्हणायचा, धुळेवालीला बोलवा, तिचा कोर्स झालाय. मी चिडले की माझ्या तोंडून माहेरची अहिराणी बाहेर पडायची, आणि मग तर चेष्टेला ऊतच यायचा.

फोनच्या वायरीवरून इंटरनेट घरात आलं तेव्हा जोडणीला आलेल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये एक सोडून दोन ब्राउझर टाकून दिले. असू द्या, दोन्ही फुकट आहेत, म्हणाला. एकाच्या कोपऱ्यात निळं अक्षर गोल गोल फिरायचं. दुसऱ्याच्या कोपऱ्यात काळ्या आकाशातून तारे पडायचे. वाटणीत ही बाब निघाली तेव्हा नवरा म्हणाला, एकच यंत्र आहे, दोघं वापरू. भाऊंना ते पटेना. सामायिक गोष्टीतून उद्या वाद होतो. त्यांनी मला बोलावून दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी उघडायला लावले, चष्मा लावून दोन्ही नीट न्याहाळले आणि नवऱ्याला म्हणाले, उचल. नवऱ्याने ताऱ्यांचा उचलला. पान उघडायला वेळ लागतो, तोवर बघायला काहीतरी बरं, हे त्याचं कारण. निळा भाऊंच्या वाट्याला आला.

ईमेलचा पत्ता मात्र दुकानाच्या नावाचा, एकच. तो तोडता येईना. मग शेतातली विहीर ठेवली होती तसाच तोही सामायिक ठेवला. ज्याची चिठ्ठी असेल त्याने वाचायची, दुसऱ्याची दिसली तर तिला हात लावायचा नाही.

भाऊ हे सगळं कसं पाळायचे ते बघण्यासारखं होतं. नवरा बाहेरगावी असला आणि भाऊंना केळीचा भाव बघायचा असला, निळ्यातून पान उघडत नसलं, तरी शेजारच्या ताऱ्यांच्या चित्राला ते बोट लावायचे नाहीत. धाकट्याच्या वाट्यात पाय ठेवायचा नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, भाऊ, तिकडे काही केळीची बाग नाही, पायाखाली काही तुडवलं जाणार नाही. ते नुसते हसले.

आणि मग पोरीने लग्न ठरवलं.

मुलगा तिच्याच पुण्यातल्या ऑफिसातला, स्वभावाने चांगला, पण आपल्यातला नव्हता. भाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस दमतो तरी. तुझं तू बघ, एवढंच म्हणाले आणि शेतावर निघून गेले. पुण्याला लग्न झालं, मी आणि नवरा गेलो. भाऊ आले नाहीत. परत आल्यावर आम्ही बैठकीत पेढे ठेवले. त्यांनी एक उचलून देवापुढे ठेवला, आणि लग्न कसं झालं ते विचारलं नाही. दोघा भावांचं बोलणं बियाणं आणि खतांपुरतं उरलं. फोन वाजला आणि पलीकडे पोरगी असली की भाऊ रिसीव्हर माझ्याकडे द्यायचे. तीही मग वडील घरी नसतील अशाच वेळी फोन करू लागली.

मार्चच्या एका दुपारी तिचा असाच फोन आला. आखाजी जवळ येत होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींचा सण. झोके बांधायचे, खापरावरचे मांडे करायचे, आमरस ओरपायचा. आणि लग्नानंतरची पहिली आखाजी असली तर माहेरून कोणीतरी घ्यायला जायला लागतं. तो मान असतो. बोलावणं नाही आलं तर लेक आपणहून येत नाही. म्हणून मी तिला म्हटलं, तुझे काका येतील घ्यायला. तर म्हणाली, काकांनी येऊन काय होणार? घर पप्पांचं आहे.

मग तिने सांगितलं की लग्न झाल्यापासून ती पप्पांना ईमेलवरून कार्डं पाठवतेय. तेव्हा या कार्डांची फार हौस होती. एक चिठ्ठी यायची, तुमच्यासाठी शुभेच्छा आल्यात, इथे क्लिक करा, आणि क्लिक केलं की ब्राउझरमध्ये चित्र, गाणं, आत मजकूर. समोरच्याने कार्ड उघडलं की पाठवणाऱ्याला तसं कळायचं.

"एकही उघडलं नाही त्यांनी, काकू," ती म्हणाली. "ईमेल रोज बघतात, तूच सांगतेस. म्हणजे माझं आहे म्हणून उघडत नाहीत. आता मी थकले. या आखाजीला त्यांनी बोलावलं नाही ना, तर मी पुन्हा विचारणार नाही."

ती रडत नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटली. लहानपणी ही पोर रडायची थांबली की समजायचं, हिने काहीतरी पक्कं ठरवलंय.

फोन ठेवल्यावर माझं डोकं तापलं. जो माणूस दुसऱ्याच्या शेतातून उडून आलेलं केळीचं पानसुद्धा परत नेऊन देतो, तो पोटच्या पोरीची कार्डं न उघडता ठेवतो? मला हे खरं वाटेना, आणि खरं असलं तर भाऊंना चांगलं सुनवायचं मी ठरवलं. मोठेपणा मोठेपणाच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कॉम्प्युटरपुढे बसले तेव्हा मी मुद्दाम बैठकीतच मेथी निवडत बसले. भाऊंनी ईमेल उघडली. यादीत वरच शुभेच्छांची चिठ्ठी होती, पोरीच्या पत्त्यावरून आलेली. मला वाटलं, भाऊ ती ओलांडून पुढे जातील. पण नाही. त्यांनी माउस हळूहळू तिच्यावर नेला आणि क्लिक केलं. पडदा हलला, खिडकी उघडली, आणि कोपऱ्यात तारे पडायला लागले. भाऊंनी ताबडतोब खिडकी बंद केली. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस दारातूनच मागे फिरतो, तशी. कार्ड पडद्यावर यायला चांगला वेळ लागायचा, तोवर ते थांबलेच नव्हते.

मी मेथी बाजूला ठेवली आणि विचारलं, का बंद केलंत?

"ते त्याचं आहे," भाऊ म्हणाले. त्याचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं.

मी म्हटलं, चिठ्ठी पोरीची आहे, तुम्हाला आहे.

भाऊंनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. "मले असती तं माझ्या वाट्यात उघडली असती. दर वेळी त्याच्याच वाट्यात उघडते. काका लग्नाले गेला व्हता, काकाले धाडत असंल. धाडावंच तिनं. मी काही म्हणत नाही. पन मी दर वेळी पाहून घेतो, एखादी माझ्याकडे उघडते का."

 भाऊ रोज सकाळी ती चिठ्ठी क्लिक करून बघत होते, आपल्या घरात उघडते का. आणि रोज ती भावाच्या घरात उघडत होती. तिकडे पोरगी समजत होती बाप कार्ड उघडत नाही, इकडे बाप समजत होता कार्ड आपल्याला नाहीच. मला दोघांनाही एकेक थापट द्यावीशी वाटली, आणि दोघांनाही पोटाशी धरावंसं वाटलं.

मी भाऊंना समजावायला गेले. ईमेलमधल्या दुव्याला, म्हणजे त्या ‘इथे क्लिक करा’ला, माणसं कळत नाहीत. दोनांपैकी जो ब्राउझर मुख्य म्हणून ठरलेला असेल, त्यातच सगळे दुवे उघडतात, मग चिठ्ठी कोणाचीही असो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू माझं मन राखायला बोलतेस. धुळ्याकडची माणसं गोड बोलतात, हे त्यांचं जुनं मत होतं.

मग मी त्यांना म्हटलं, तुमचा ब्राउझर रोज सुरू होताना एक चौकट येते, ती वाचा. ते इंग्रजी सावकाश वाचायचे, पण एक अक्षर सोडायचे नाहीत. म्हणाले, वाचतो ना. तो विचारतो, मी सध्या मुख्य नाही, मला मुख्य करू का? मी नाही म्हणतो.

"का?"

"वाटे मी पाडले, पहिला उचलला त्यानं. त्याचा मुख्य झाला. आता माघारी मी हो म्हनून त्याचा मान कसा काढू?"

यावर मी कपाळाला हात लावला. तशीच वर गेले. नवरा दाढी करत होता. त्याला विचारलं, तुझा ब्राउझर सुरू होताना काय विचारतो? म्हणाला, रोज काहीतरी विचारतो बुवा, मी हो म्हणतो. काय विचारतो ते वाचलंस का कधी? तर म्हणाला, हो म्हणायला वाचायला कशाला लागतं?

"हाऊ बठ्ठा घोळ तुमनाच शे," मी म्हटलं, म्हणजे हा सगळा घोळ तुमचाच. या वेळी मात्र माझ्या अहिराणीवर तो हसला नाही, माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. पोरीचा फोन, कार्डं, आणि भाऊ रोज सकाळी काय करतात ते.

माझा नवरा बडबड्या माणूस, भाववाढीपासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत कशावरही बोलणारा. पण त्याने नुसता वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. मग टॉवेलने तोंड पुसून तो खाली निघाला, मी मागोमाग.

भाऊ अजून कॉम्प्युटरपुढेच बसलेले होते. नवऱ्याने शेजारी स्टूल ओढलं. लग्नाहून आल्यापासून दोघं इतके जवळ बसलेले मी पाहिले नव्हते. त्याने भाऊंचा निळा ब्राउझर सुरू केला. चौकट आली, तोच प्रश्न. भाऊंचा हात सवयीने नाहीकडे निघाला.

"भाऊ, हो म्हणा," नवरा म्हणाला. "वाटा मी उचलला होता. उचलणाऱ्याला परत करता येतो. मी परत करतो."

भाऊ म्हणाले, आणि तुझं काय? तुझे सगळे दुवे माझ्याकडे उघडतील. नवरा म्हणाला, उघडू देत. खतांचे भाव तुमच्या घरी बसून वाचीन, तुम्ही काय मला हाकलणार आहात? भाऊंनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी हो म्हटलं.

पुढचं काम माझं. ताऱ्यांचा ब्राउझर उघडला, त्याने लगेच विचारलं, मला मुख्य करू का? मी नाही म्हटलं, आणि चौकटीत खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, दर वेळी विचारू का, त्यापुढची खूण काढून टाकली. नाहीतर नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा न वाचता हो म्हटलं असतं. त्याच्यावर माझं प्रेम आहे, पण मी त्याला ओळखतेही.

मग भाऊंनी पोरीची चिठ्ठी पुन्हा क्लिक केली. खिडकी उघडली आणि कोपऱ्यात निळं अक्षर फिरायला लागलं. भाऊ एकदम सरळ बसले. चित्र वरून खाली हळूहळू उतरत होतं, आधी आभाळ, मग झाडाचा शेंडा.  शेवटी एक जाडजूड कुत्रं आलं, शेपटी हलवणारं, आणि टुणटुण असं गाणं. त्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. पप्पा, जेवलात का? गुडघा कसा आहे? शेतात अनवाणी फिरू नका.

भाऊंनी ते मोठ्याने वाचलं. शाळेतला मुलगा वाचतो तसं, शब्दावर बोट ठेवून. पप्पा हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

मग ते मागे मागे जायला लागले. सामायिक विहिरीतली म्हणून एकही चिठ्ठी कोणी काढून टाकली नव्हती, सगळ्या होत्या. एका कार्डात फुगे, एकात नाचणारी फुलं, एकात टोपी घातलेला उंदीर. मजकूर सगळ्यांत तोच, थोडा इकडे तिकडे. जेवलात का, औषध घेतलं का, केळीला पाणी मिळतंय का. रागावण्याबद्दल, लग्नाबद्दल एक शब्द नाही. नवरा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता. मी तर पदरच लावला डोळ्यांना, लपवायचं काय त्यात.

सगळ्यात तळाशी सगळ्यात जुनी चिठ्ठी होती. लग्न झालं त्याच दिवशीची. भाऊंनी क्लिक केलं. निळं अक्षर फिरलं, खिडकी उघडली, आणि त्यात चित्र नाही, गाणं नाही, नुसती इंग्रजीत एक ओळ. हे कार्ड ठेवण्याची मुदत संपली आहे.

भाऊंनी पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच ओळ. मला म्हणाले, तू काढून दे. मी म्हटलं, नाही निघत भाऊ, कार्डवाल्यांनीच पुसून टाकलंय.

"काय व्हतं यात?"

मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. लग्नाच्या गडबडीत, अक्षता पडायच्या आधी का नंतर कोण जाणे, पोरीने कधीतरी कॉम्प्युटरपुढे बसून बापाला काहीतरी लिहिलं होतं, आणि ते आता जगात कुठेच नव्हतं, फक्त तिच्याजवळ असलं तर होतं.

भाऊंनी ते रिकामं पान बंद केलं. मग मला म्हणाले, इंटरनेट बंद कर, फोन मोकळा कर. मी जोडणी तोडली. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला. डायरीत बघितला नाही, कोणाला विचारला नाही. तो नंबर त्यांना पाठ होता, हे मला तेव्हा कळलं.

पलीकडून पोरीचा आवाज आला असावा, कारण भाऊंनी रिसीव्हर दुसऱ्या हातानेही धरला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, ते एकदम म्हणाले, "तुह्या पहिल्या कार्डात काय व्हतं? ते पुसलं गेलं."

 मग ती काहीतरी बोलायला लागली आणि भाऊंनी तिला थांबवलं.

"आता नको. फोनवर नको. आखाजीले घ्याले येतो मी. काका नाही, मी येतो. तव्हा सांग."

आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते उठले. पलीकडे पोरगी हमसून हमसून रडत होती, लहानपणी रडायची तशी, आणि ते ऐकून मला फार बरं वाटलं. काकू, पप्पा गेले का, तिने विचारलं. मी दाराकडे बघितलं. आखाजीला अजून कितीतरी दिवस होते आणि भाऊ पुण्याच्या गाडीचं रिझर्वेशन करायला पायात चपला घालून निघालेसुद्धा होते.